गिअरबॉक्स उतरवण्याआधी

वाचकाचे पत्र, थोडक्यात : "मी लातूर जिल्ह्यातला आहे. वडिलांच्या पश्चात त्यांचा २००९ चा सहा टायरी, पाच गिअरचा ट्रक माझ्याकडे आला. गाडी नवी आली तेव्हापासून तिच्यावर एकच ड्रायव्हर आहेत. त्यांना आम्ही चाचा म्हणतो. जूनमध्ये क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बदलली. गाडी मागून बसत होती म्हणून त्याच आठवड्यात दुसऱ्या ठिकाणी मागच्या दोन्ही बाजूंना एकेक पाटा (स्प्रिंगची पट्टी) वाढवून घेतला. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी आवाज सुरू झाला. ताशी ३५ ते ५० किलोमीटरच्या दरम्यान खालून 'हूं' असे घुमते आणि गाडी जागेवरून उचलताना 'खट्' असा ठोका येतो. रिकाम्या गाडीला जास्त, भरलेल्या गाडीला कमी. आवाज गिअर लिव्हरच्या खालूनच येतो, असे मला वाटते. एक मिस्त्री म्हणतो गिअरबॉक्स गेला, सत्तर हजार रुपये आणि आठ दिवस लागतील. दुसरा म्हणतो क्राऊन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) गेले, जुन्या बाजारातून अख्खे हाऊसिंग (ती जोडी असलेला ॲक्सलचा मधला भाग) आणून बसवू. तिसरा म्हणतो रिकामी गाडी वाजतेच, लक्ष देऊ नका. धाकटा भाऊ म्हणतो, चाचांनी गाडी खराब केली. त्यांना काढा आणि दसऱ्याआधी गाडी विकून टाका. सोयाबीनचा हंगाम तोंडावर आहे, सासरे पैसे द्यायला तयार आहेत. मी कोणाचे ऐकू?"

तुमच्या पत्रात तीन मिस्त्र्यांची मते आहेत, भावाचे मत आहे, सासऱ्यांच्या पैशांचाही उल्लेख आहे. पण जो माणूस गाडी नवी असल्यापासून तिच्या स्टेअरिंगवर बसतो आहे, त्याला काय ऐकू येते याबद्दल एक ओळही नाही. चाचांवर ठपका आला आहे आणि त्यांची साक्ष मात्र राहून गेली आहे. तिन्ही मिस्त्र्यांपैकी कोणी गाडी रस्त्यावर चालवून पाहिल्याचेही तुम्ही लिहिलेले नाही. उभ्या गाडीजवळ उभे राहून चालत्या गाडीच्या आवाजाचे निदान झाले असेल, तर तीन तोंडांतून तीन उत्तरे आली यात त्या मिस्त्र्यांचा फारसा दोष नाही.

तुम्ही दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत आणि त्या दोन्ही तपासून पाहायला हव्यात. आवाज गिअर लिव्हरच्या खालून ऐकू येतो, म्हणून तो गिअरबॉक्सचा असला पाहिजे, ही त्यातली पहिली. ट्रकची चेसिस म्हणजे दोन लांब लोखंडी पट्ट्या आहेत. मागच्या ॲक्सलवर झालेला ठोका त्यांच्यातून केबिनपर्यंत सहज येतो. केबिनच्या पत्र्यात सर्वांत मोठे भोक गिअर लिव्हरचेच असते आणि त्याचे रबर या वयाच्या गाडीत बहुधा फाटलेले असते, त्यामुळे खालचा जवळजवळ प्रत्येक आवाज त्याच वाटेने आत शिरतो. कान आवाजाची जागा सांगताना फसतो; आवाजाची वेळ सांगताना मात्र तो सहसा चुकत नाही. दुसरे गृहीत म्हणजे हा एकच आवाज आहे. तुमच्या पत्रात खरे तर दोन आवाज आहेत, एक सलग घुमणारा आणि एक ठोक्याचा. त्यांचे कारण एक असू शकते, दोनही असू शकतात, आणि हे ठरण्याआधी पाना हातात घेणे घाईचे होईल.

म्हणून "कोणाचे ऐकू" या प्रश्नाऐवजी आधी दुसरा प्रश्न विचारा : हा आवाज कशाच्या मागे जातो? ट्रकमध्ये इंजिनापासून मागच्या चाकापर्यंतचा कोणताही आवाज चार गोष्टींपैकी एकीच्या किंवा दोघींच्या मागे जातो. तो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो, किंवा गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, किंवा रेस देताना आणि सोडताना बदलतो, किंवा क्लचच्या पेडलबरोबर येतो-जातो. एवढे कळले की संशयितांची यादी एकदम लहान होते आणि ते कळण्यासाठी एकही नट सैल करावा लागत नाही.

सुरुवात उभ्या गाडीपासून करा. हँडब्रेक ओढा, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवा आणि क्लचवरचा पाय पूर्ण काढा. या स्थितीत गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि खालचा काउंटर शाफ्ट दोन्ही फिरत असतात. आता घरघर ऐकू येत असेल आणि क्लच पूर्ण दाबताच ती विरत जात असेल, तर इनपुट किंवा काउंटर शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यायला जागा आहे. उलट, पेडलवर नुसता पाय टेकवताच किरकिर सुरू होत असेल, तर ते क्लचचे रिलीज बेअरिंग आहे. जूनमध्ये प्लेट बदलल्यावर पेडलची मोकळी चाल नीट ठेवली गेली नसेल, तर हे बेअरिंग सतत घासत राहून वर्षभराचे आयुष्य चार महिन्यांत संपवते. क्लच पूर्ण दाबून गिअर टाकलेला असतानाच तेवढा आवाज येतो आणि एरवी येत नाही, असे असेल तर फ्लायव्हीलमधले पायलट बेअरिंग पाहावे लागेल. डिझेल इंजिन अगदी मंद चालत असताना न्यूट्रलमध्ये गिअरची थोडी खडखड होतेच, तिला घाबरू नका. नव्या प्लेटनंतर ती एकाएकी फार वाढली असेल, तर प्लेटमधल्या स्प्रिंगांबद्दल मिस्त्र्याला विचारा. तुमच्या पत्रावरून मात्र असे दिसते की गाडी उभी असताना काहीच ऐकू येत नाही. तसे खरोखर असेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याच्या बाजूने असलेला सर्वांत भक्कम पुरावा इथेच गळून पडतो.

रस्त्यावरची तपासणी सकाळी लवकर, गाडी रिकामी असताना, सपाट आणि मोकळ्या डांबरी रस्त्यावर करा. चाचा गाडी चालवतील आणि तुम्ही शेजारी वही घेऊन बसाल. जुन्या गाडीच्या स्पीडोमीटरवर विश्वास नसेल, तर मोबाइलवर वेग पाहा. पाचव्या गिअरमध्ये ताशी ४५ च्या वेगाला आवाज लागला की चाचांनी क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी, इंजिन चालूच ठेवावे आणि गाडी आपोआप मंदावू द्यावी. इंजिन मंद झाले तरी 'हूं' तसाच राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबर उतरत गेला, तर इंजिन आणि क्लच सुटले, आणि संशय प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची फिरकी मागच्या ॲक्सलपर्यंत नेणारा लांब दांडा), हाऊसिंग, हब (चाकाचा मधला भाग) किंवा टायर यांच्यावर येतो. एक सक्त सूचना इथेच देतो. ही तपासणी उतारावर करायची नाही. मांजरसुंब्याच्या किंवा तुळजापूरच्या घाटात न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणारे लोक मी पाहिले आहेत. इंजिनाचा आधार सुटलेला ट्रक नुसत्या ब्रेकवर उतरवला की ड्रम तापतात, आणि तापलेले ब्रेक नेमके हवे तेव्हा धरत नाहीत.

याच रस्त्यावर दुसरी एक गोष्ट करून पाहा, जी फार थोडे लोक करतात. ताशी ४० चा वेग आधी चौथ्या गिअरमध्ये धरा आणि मग पाचव्यात. जुन्या पाच गिअरच्या अनेक ट्रकांत पाचवा गिअर थेट असतो, म्हणजे त्या गिअरमध्ये इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट एकाच फेऱ्यांनी फिरतात. त्यामुळे फक्त टॉप गिअरमध्ये ऐकून निदान करणाऱ्याला आवाज इंजिनाच्या मागे जातो आहे की शाफ्टच्या, हे कळण्याची सोयच नसते. चौथ्यात इंजिन जास्त फिरते, शाफ्ट मात्र तेवढाच. दोन्ही गिअरमध्ये आवाजाची पट्टी तीच राहिली, तर तो गिअरबॉक्सच्या मागचा आहे. चौथ्यात, तिसऱ्यात आवाज स्पष्ट आणि पाचव्यात जवळजवळ गप्प, असे असेल तर गिअरबॉक्सवाल्या मिस्त्र्याचे म्हणणे खरे ठरण्याची शक्यता वाढते, कारण थेट गिअरमध्ये काउंटर शाफ्ट फिरतो पण त्याच्यावर ओझे नसते. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल, तर त्या गिअरचे दात किंवा त्याचे बेअरिंग.

आता थोडे गणित. ते कंटाळवाणे वाटले तरी करा, कारण तीन मिस्त्र्यांच्या अंदाजांपेक्षा ते जास्त सांगते. १०.००-२० मापाचा टायर एका फेरीत सुमारे ३.२ मीटर जातो. ताशी १० किलोमीटरने गाडी मिनिटाला साधारण १६७ मीटर जाते, म्हणजे चाकाच्या मिनिटाला ५२ फेऱ्या होतात, सेकंदाला एकही पुरी नाही. हाऊसिंगचे गुणोत्तर ६ ला १, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या सहा, धरले, तर शाफ्टच्या त्याच मिनिटात ३१२ फेऱ्या होतात, सेकंदाला पाचेक. तेव्हा गाडी ताशी १० ने सरकत असताना 'टक्... टक्... टक्' असा सावकाश, सेकंदाला एकाच्या हिशेबाने ठोका येत असेल, तर तो चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूचा आहे : हब, ड्रम, टायरमध्ये अडकलेला दगड. तो मोजता येणार नाही इतका भराभर येत असेल, तर शाफ्टच्या बाजूचा. याच हिशेबाने ताशी ४० ला शाफ्ट सेकंदाला एकवीस फेऱ्या घेतो. शाफ्टच्या क्रॉसमधला (त्याच्या वळत्या सांध्यातल्या चार टोकांच्या भागातला) दोष किंवा कोनाचा बिघाड एका फेरीत दोनदा हिसका देतो, म्हणजे सेकंदाला चाळीस-बेचाळीस हिसके. ते कानाला सुटे सुटे ऐकू येत नाहीत. सीटखाली, पायांना जाणवणारी घुमघुम म्हणून येतात. पिनियनला सहा-सात दात असतात, म्हणून क्राऊन-पिनियनच्या दातांचा आवाज त्याच वेगाला बराच वरच्या पट्टीत लागतो. आपल्याकडचे ड्रायव्हर त्याला हाऊसिंग 'ओरडते' म्हणतात, 'घुमते' म्हणत नाहीत. तुम्ही पत्रात 'घुमते' हा शब्द सहज लिहिला असेल, पण तो मला महत्त्वाचा वाटला. चाचांना विचारा, ते कोणता शब्द वापरतात.

आता जून महिन्याकडे वळू. तुम्ही क्लचचे काम आणि पाट्याचे काम अशी दोन वेगळी कामे सांगितली आहेत आणि त्यांचा आवाजाशी संबंध जोडलेला नाही. माझ्या मते सगळे पत्र त्या दोन वाक्यांवर उभे आहे, कारण दोन्ही कामे प्रोपेलर शाफ्टला स्पर्श करतात. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स मागे घ्यावा लागतो आणि त्यासाठी शाफ्टचे पुढचे टोक सोडावे लागते. शाफ्ट सोडताना त्याचा सरकता सांधा, ज्याला स्प्लाइन म्हणतात, सुटला आणि परत घालताना खुणा न जुळवता एक-दोन दात पुढेमागे बसला, तर दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुफाटे) एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी विशिष्ट वेगाला घुमू लागते. शाफ्टवर कारखान्यातून बाणाच्या खुणा असतात. कधी त्या ग्रीस आणि चिखलाखाली बुजलेल्या असतात, कधी घाईत कोणी पाहतच नाही. दुसरीकडे, मागचा पाटा वाढवला की रिकामी चेसिस वर उचलली जाते, ॲक्सल तिथेच राहतो आणि शाफ्टला मधोमध आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगपासून हाऊसिंगपर्यंतच्या त्याच्या तुकड्याचा कोन वाढतो. गाडी भरली की चेसिस खाली येते, कोन पुन्हा जागेवर येतो आणि आवाज कमी होतो. रिकाम्या गाडीला जास्त आणि भरलेल्या गाडीला कमी, ही तुमची तक्रार यात चपखल बसते. तिसऱ्या मिस्त्र्याने जे "रिकामी गाडी वाजतेच" म्हणून सोडून दिले, त्यातच बहुधा दुवा आहे.

'खट्'चेही तसेच. पाटे खोलले की त्यांना ॲक्सलशी बांधणारे यू-बोल्ट सुटतात. नवे पाटे बसवल्यावर ते आवळले तरी काही दिवस गाडी चालली की थर एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट ढिले पडतात. म्हणून पाट्याच्या कामानंतर काही दिवसांनी, गाडीवर वजन असताना, ते पुन्हा आवळायचे असतात. तुमच्या गाडीला पंधरा-वीस दिवसांनी आवाज सुरू झाला. यू-बोल्ट ढिले असतील, तर गाडी उचलताना ॲक्सल किंचित सरकतो आणि ठोका देतो. तसेच चालत राहिले तर पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल खरोखर सरकतो, आणि ते प्रकरण आवाजापुरते राहत नाही.

गाडीखाली जाऊन पाहायचे ते इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात, चाकांना ठोकळे आणि गाडी न्यूट्रलमध्ये असताना. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणालाही खाली जाऊ देऊ नका. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून गोल हलवा, मग वर-खाली रेटा. गोल हलवताना थोडी मोकळीक सगळ्याच जुन्या गाड्यांत असते. वर-खाली मात्र क्रॉसच्या वाटीत (त्याच्या प्रत्येक टोकावरच्या बेअरिंगच्या टोपीत) काहीच हलता कामा नये. प्रत्येक वाटीच्या कडेला बोट फिरवा. तिथे ग्रीसचा ओलावा असावा. विटकरी रंगाची कोरडी भुकटी बोटाला लागली, तर आतले सुईसारखे रोलर कोरडे पडून गंजले आहेत आणि तो क्रॉस बदलायचा आहे, तिथे ग्रीस भरून उपयोग नाही. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटेने ट्रक बांधापर्यंत नेला की चिखल या वाट्यांवर थापला जातो आणि मग कोणी पाण्याचा जोराचा फवारा मारून गाडी धुतो, त्या पाण्याबरोबर ग्रीसही जाते. ग्रीसगन लावली तर चारही वाट्यांतून ताजे ग्रीस डोकावेपर्यंत भरावे. तिन्हींतून आले आणि चौथी कोरडी राहिली, तर ती चौथीच पुढे गाडी थांबवणार आहे. सेंटर बेअरिंगचे रबर फाटले आहे का, त्याच्या पट्टीचे बोल्ट जागेवर आहेत का, गिअरबॉक्सची फाउंडेशने (त्याचे रबरी आधार) दबली आहेत का, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

माझ्याकडूनही एकदा अशीच चूक झाली आहे, म्हणून हे इतक्या तपशिलाने लिहितो आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गाडीचा आवाज मी केबिनमध्ये बसून ऐकला, गिअरबॉक्स म्हणून सांगितले आणि तो उतरवायला लावला. आत सगळे ठीक होते. चौथ्या दिवशी शाफ्ट परत लावताना पोऱ्याने सेंटर बेअरिंग हाताने फिरवले आणि ते वाळू भरल्यासारखे खरखरले. मालकाचे चार दिवस गेले होते आणि त्याने मला एका शब्दाने काही म्हटले नाही, हे मला अजून जास्त लागते. तेव्हा तुमच्या गाडीचाही दोष शाफ्टचाच आहे असे मी इथून ठामपणे म्हणणार नाही; आधी तिथे पाहा, कारण तिथे पाहणे सर्वांत स्वस्त आहे, एवढेच म्हणतो.

हाऊसिंगवाल्या मिस्त्र्याचे म्हणणे तपासायचे असेल, तर रेसकडे लक्ष द्या. ताशी ४५ ला रेस देताना ओरडते आणि सोडताच गप्प होते, किंवा याच्या उलट, असे असेल तर क्राऊन-पिनियनच्या दातांची एक बाजू झिजली आहे. दोन्ही वेळा एकाच सुरात ओरडत असेल, तर पिनियनचे बेअरिंग. फक्त वळताना, म्हणजे मोंढ्यात (धान्यबाजारात) गाडी आखडती फिरवताना, कटकट येत असेल तर आतले स्टार गिअर, जे सरळ रस्त्यावर जवळजवळ स्थिर असतात. यातले काहीही आढळले, तर हाऊसिंगचे ऑइल गाडी फिरवून आणल्यावर, कोमट असताना, स्वच्छ भांड्यात काढा. प्लगच्या चुंबकावर राखाडी मलमासारखा थर असणे वयाला धरून आहे. नखाला टोचणारे तुकडे किंवा चकचकीत पापुद्रे असतील, तर गाडी तिथेच थांबवा. ऑइल मुळातच कमी असेल, तर ते कुठून गेले ते शोधा. हाऊसिंगवरचा श्वास घेण्याचा बारीक व्हॉल्व्ह चिखलाने बुजला, तर आतला दाब सील फोडून ऑइल बाहेर काढतो, आणि लोक सील बदलत राहतात. ऑइल भरताना भरायच्या भोकाच्या खालच्या ओठापर्यंत, आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेलेच. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा असतात. जिथे जीएल-४ दर्जाचे ऑइल सांगितले आहे, तिथे "जास्त भारी" म्हणून हाऊसिंगचे जीएल-५ ओतू नये, त्यातली काही रसायने पितळेला मानवत नाहीत.

जुन्या बाजारातले अख्खे हाऊसिंग आणण्याबद्दल मी नाखूश आहे. क्राऊन आणि पिनियन ही जोडी एकत्र घासून तयार केलेली असते आणि त्यांच्यावर जोडीचा क्रमांक असतो. दुसऱ्या गाडीत वाढलेली, कोणीतरी एकदा खोललेली जोडी तुमच्याकडे येऊन गप्प बसेल याची हमी कोणी देत नाही. शिवाय त्याच दिसण्याच्या गाड्यांत दातांची संख्या वेगवेगळी असते. ४१ दातांचा क्राऊन आणि ६ दातांचे पिनियन म्हणजे ६.८३, तुमच्या गाडीत याहून वेगळे असेल, तर चढावरची ओढ आणि सपाटीवरचा वेग दोन्ही बदलतील, आणि चाचांवर नवा ठपका येईल. आणायचेच ठरले, तर दात मोजून आणा.

टायर आणि हबबद्दल थोडक्यात. रिमोल्ड टायरचा गुणगुणाट हाऊसिंगसारखा वाटतो. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाची जात बदलली, तर तो टायरचा. पंचवीस-तीस किलोमीटर चालवून आल्यावर चारही कोपऱ्यांच्या हबजवळ हाताची मागची बाजू न टेकवता न्या. एकच कोपरा इतरांपेक्षा स्पष्ट तापलेला असेल, तर ब्रेक घासतो आहे किंवा बेअरिंग चालले आहे, आणि दोन्हींपैकी काहीही असले तरी ती गाडी माल भरायला जाता कामा नये.

चाचांचा प्रश्न तुम्ही आवाजाच्या प्रश्नात मिसळला आहे. ड्रायव्हरच्या सवयींनी गाडी झिजते, हे खरे आहे. क्लचवर सतत पाय ठेवणे, गिअर लिव्हरवर हाताचे ओझे टाकून बसणे (त्याने आतले फोर्क झिजतात), भरल्या गाडीला झटक्याने उचलणे, यांचा हिशेब कधी ना कधी द्यावा लागतो. पण त्याचा पुरावा आवाजात शोधायची गरज नाही. जूनमध्ये काढलेली जुनी प्लेट अजून गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेली असेल तर मागवून पाहा. ती किती वर्षे चालली, एकसारखी झिजली आहे की जळून काळी पडली आहे, एवढे दोन प्रश्न पुरेत. एकसारखी झिजलेली आणि बरीच वर्षे चाललेली प्लेट हे चांगल्या पायाचे प्रमाणपत्र आहे. आणि ज्या माणसाच्या हाताखाली गाडी इतकी वर्षे चालली, त्याच्या हाताखाली ती पंधरा दिवसांत बिघडली, असे मानण्याआधी भावाने त्या पंधरा दिवसांच्या अगोदर कोणाचे हात गाडीला लागले हे एकदा मोजावे. चाचांशी बोलताना "काय केलंत?" असे विचारू नका. "चाचा, हा आवाज पहिल्यांदा कुठं लागला? गाडी रिकामी होती का?" असे विचारा. बहुधा त्यांना गाव, रस्ता आणि गिअर, तिन्ही आठवत असेल.

विकण्याचा निर्णय वेगळा ठेवा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावे लागते, वय वाढले की खर्च वाढतो, आणि हंगाम संपल्यावर शांतपणे हिशेब करून गाडी विकणे शहाणपणाचेही ठरेल. पण वाजणारी गाडी घाईत विकायला काढली की गिऱ्हाईक आवाजाची किंमत खऱ्या दुरुस्तीच्या कितीतरी पट कापून घेते. "भुसा घालून आवाज दाबून देतो" असे म्हणणारा कोणी भेटेलच. हाऊसिंगमध्ये लाकडाचा भुसा घालून गाडी विकण्याची युक्ती फार जुनी आहे. ती गाडी पुढच्या घाटात कोणाच्या मुलाच्या हातात असेल, हे तुम्हाला माहीत नसते.

दुरुस्ती ठरलीच, तर मिस्त्र्याला आधी गाडीत बसवून तुमच्या वहीतल्या नोंदी दाखवा आणि "कोणत्या चाचणीवरून तुम्ही हे म्हणता?" असे सरळ विचारा. चांगला मिस्त्री याने चिडत नाही, उलट खुलतो. काम टप्प्याने द्या : आधी शाफ्टच्या खुणा आणि क्रॉस, मग यू-बोल्ट, मग पुन्हा रस्त्यावर. प्रत्येक टप्प्यानंतर गाडी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला चालवून पाहा, म्हणजे कोणत्या कामाने काय बदलले ते कळेल. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर पैसेही तिन्हींचे जातात आणि ज्ञानही मिळत नाही. काढलेले भाग परत मागून घ्या. सासऱ्यांचे पैसे तोवर त्यांच्याकडेच राहू द्या. पाटा वाढवल्यामुळेच कोन बिघडला असे निघाले, तर तो पाटा काढण्याचा विचार करावा लागेल, आणि मग गाडी मागून का बसत होती हा प्रश्न पुन्हा समोर येईल. त्याचे उत्तर आरसीवरच्या वजनात आणि मोंढ्याच्या काट्यावरच्या पावत्यांत सापडण्याची शक्यता आहे.

घुमघुम एकाएकी थरथरीत बदलली, शाफ्टखाली ग्रीस फेकल्याचे गोल पट्टे दिसले किंवा गिअर आपोआप सुटू लागला, तर हंगाम असो वा नसो, गाडी बाजूला घ्या; पुढच्या टोकाने सुटलेला शाफ्ट चालत्या गाडीखाली रस्त्यात रुततो. एरवी येत्या रविवारी सकाळी चाचांबरोबर सपाट रस्त्यावर जा. शाफ्टच्या खुणा जुळलेल्या निघाल्या, क्रॉस आणि यू-बोल्ट ठीक निघाले आणि आवाज तरीही तसाच राहिला, तर मला पुन्हा लिहा. त्या पत्रात वेग, गिअर, रेस देताना आणि सोडताना काय फरक पडला, गाडी रिकामी होती की भरलेली, आणि चाचांनी त्या आवाजाला कोणता शब्द वापरला, एवढे नक्की लिहा.